बाहेरची कडी

नाही बसवू दिली मी. सुतार म्हणत होता, माताजी, बाहेरून पण कडी लावून देतो, सगळे लावतात. म्हटलं, भैया, सगळ्यांचे नवरे दुश्मनाच्या कोठडीत वर्षभर राहून आलेले नसतात. मग आतली तेवढी बसवून गेला. प्रताप नगरातल्या आपल्या न्हाणीघराला आज नवं दार लागलं, अहो. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी जुनं काढताना वाटलं, आधी तुम्हाला विचारावं.

लढाईत पकडले गेलात आणि सुटून आलात तेव्हा नुसती हाडं उरली होती. पण पहिल्याच जेवणाला सात भाकऱ्या संपवल्यात. वाटलं, आलं माझं माणूस जसंच्या तसं. मग आंघोळीला गेलात आणि दार उघडंच. कडी वाजली की थरथरायचात तुम्ही. तेव्हाच मी देवापुढं बोलले होते, आता यांना कुणी कोंडणार नाही. त्या दिवसापासून तुम्ही आंघोळ करणार आणि मी दारात पाट टाकून पाठमोरी बसणार. आधी गावात, मग बदलीच्या ठिकाणी, मग इथं जयपुरात. नवरा साधा शिपाई, बायको बिनपगारी पहारेकरी, असं मी चिडवायचे. तुम्ही आतून म्हणायचात, "पहारेकरी, टॉवेल."

थोरलीला बघायला पाहुणे चारला यायचे, ते आले तीनला. तुमच्या डोक्याला साबण, आणि मुलाचे वडील बसले ते नेमके न्हाणीघराकडं तोंड करून. पोरगी स्वयंपाकघरात रडकुंडीला आलेली. मी वळून बघते तर तुम्ही माझ्याकडंच बघताय. हळूच म्हणालात, "तू जा. पोहे कर." आणि दार लोटलंत. पंचवीस वर्षांनी.

पोहे हलवतेय पण कान तिकडं. पाण्याचा आवाज नाही. तुम्ही आत पाढे म्हणताय, अकराचा, बाराचा. पाहुण्यांनी दोनदा पोहे घेतले, मुलगी पसंत आहे म्हणून सांगितलं, तोवर पाऊण तास झाला. ते गेल्यावर तुम्ही बाहेर आलात, साबण डोक्यावर वाळलेला, छाती पुढं काढून. "अगं, तीसपर्यंत पाढे झाले आणि मी जिवंत आहे."

दुसऱ्या दिवशी आतल्या गंजलेल्या कडीला तेल घातलंत आणि रोज लावायला लागलात. माझी नोकरी गेली. दूधवाल्याला सांगितलंत, शेजाऱ्यांना सांगितलंत, लग्नात तर व्याह्यांनाच गाठून सगळी हकीकत ऐकवलीत. दुश्मनाला त्या दिवशी खरं हरवलं, म्हणायचात. हरवलंतच.

पण एक तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि हा कागदही पाटाखालीच राहणार आहे. लोटलेलं दार हळूहळू उघडायला लागलं होतं. तुम्ही भिंतीकडं तोंड करून, तुम्हाला पत्ता नाही, आणि इकडं तुमचा गुडघा दिसायला लागला. पोह्यांच्या बश्या घेऊन जाता जाता मी बाहेरची कडी लावली, आवाज न करता, आणि पाहुणे गेल्यावर तशीच काढली. तुम्हाला कोंडलं होतं, ते मी.