वाघाच्या पाटीचं अक्षर

१६ फेब्रुवारी
'मंडई' पूर्ण. ज्ञ राहिला होता, आज तोही बसला. फुगीर काने, उजवीकडे दुहेरी सावली, शिरोरेषेच्या दोन्ही टोकांना पाकळी, अनुस्वाराच्या जागी फूल. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायची, रात्री नाटकं व्हायची, झाडाझाडांवर नाटकांची पोस्टरं लागायची, त्यांच्यावर अशी अक्षरं असायची. लहानपणी मी ती बोटानं गिरवायचे. आता तीच कॉम्प्युटरवर टाइप होतात, आणि हा 'मंडई' टाइप, म्हणजे फॉन्ट, मी काढलाय. चांगला काढलाय. उगाच नम्रपणा कशाला.

१९ फेब्रुवारी
गजूभाऊ माझ्या पोस्टर-पत्रिकांच्या दुकानात. त्यांच्या नाटक कंपनीचं यंदाचं शेवटचं पोस्टर. नाटकाचं नाव 'मंडई'त लावून दाखवलं तर खुर्चीतून उठलेच. "बाई, हे तं आमच्या बाबाच्या टायमाचं अक्षर हाये. कुठी भेटलं तुले?" भेटलं नाही, काढलं, म्हटलं.
मग कलाकारांची नावंही त्यातच पाहिजेत म्हणे. नाही म्हणजे नाही. हे अक्षर बारीक केलं की पाकळ्या एकमेकींत घुसतात, नुसती गिचमिड. थोडं लिहायचं आणि मोठं लिहायचं. नावं साध्या टाइपात लावली. कुरकुरले, पण पोस्टर घेऊन गेले.

२७ फेब्रुवारी
सिंदेवाहीच्या बाजारात चक्कर. इथल्या छापणाऱ्यांना टाइप मी ज्ञ बसायच्या आधीच वापरायला दिला होता. एक लग्नपत्रिका, एक तांदळाची पिशवी, एक सलून. सगळीकडे आपलंच अक्षर! फार बरं वाटलं. मग एका तेरवीच्या कार्डावर दिसलं. मयताच्या नावावर फूल. छापणाऱ्याला फोन करून झापलं. "लोकाइले आवडून राह्यलं ना, ताई," म्हणे.
आवडतं हे खरं आहे.

४ मार्च
गावच्या वनसमितीचे नामदेवकाका आले. तळ्यामागच्या जंगलात वाघीण फिरते आहे. मोहाची फुलं पडायला लागली की बाया पहाटे ती वेचायला त्याच वाटेनं जाणार. वाटेवर साधी सरकारी पाटी आहे, पण तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. काकांना म्हटलं, मी करते. येणारा-जाणारा थांबलाच पाहिजे अशी.
आईपण त्याच वाटेनं जाते. सांगून ऐकणारी बाई नाही. निदान पाटी तरी वाचेल.

७ मार्च
पाटी लागली. लाल जमीन, पिवळी अक्षरं, काळी सावली. 'सावधान! या जंगलात वाघीण आहे'. 'वाघीण'ची वेलांटी पार घ ओलांडून वर नेली, टोकाला पाकळी. आजवरचं सगळ्यात देखणं काम. नामदेवकाका पाच मिनिटं बघत राहिले.

११ मार्च
आईला विचारलं, पाटी पाहिली का?
"पाह्यली ना. सगळ्याच थांबून पाहून राह्यल्या. तूच केली असशील म्हटलं. कोणत्या गावाले हाये ते नाटक?"
हसता हसता मेले. शेजारच्या शांताकाकूनं तर विचारलं म्हणे, वाघिणीचं काम कोन करते?
जेवताना हसू गेलं. म्हणजे सगळ्या बाया रोज पाटी बघतात, कौतुक करतात आणि खुशाल आत जातात.
उद्या काकांशी बोलते. पण रविवारच्या लग्नाचं बॅनर उद्याच द्यायचंय. परवा.

१४ मार्च
शांताकाकूला वाघीण दिसली. नाल्याच्या पलीकडे, बसलेली. टोपलं टाकून पळाली, पडली, गुडघा फुटला. बाकी ठीक. आई दोन झाडं सोडून होती.
परवा परवा करत बसले याचा फार राग येतोय. अक्षर वाईट नाही, जागा चुकली. पण हे काकूच्या गुडघ्याला सांगून काय उपयोग.

१५ मार्च
सकाळी पाटी मीच काढून आणली. दुकानात भिंतीला उलटी लावलीय.
साधी केली तर कोणी बघत नाही, सजवली तर कोणी खरं मानत नाही. मधलं काहीतरी पाहिजे. सुचेल. मला सुचतं.

१८ मार्च
सुचलं. पांढरा पत्रा, काळं जाड अक्षर, ना पाकळी ना सावली. आणि मजकूर: 'शांताबाईला या जंगलात वाघीण दिसली'. वाघीण कोणाच्याही ओळखीची नाही, शांताबाईला सगळं गाव ओळखतं.
विचारायला गेले तर काकू पाय लांब करून बसलेली, खूश. "लिही ना वं. पन माह्या नावाले ते फुलाचं अक्षर लाव." नाही लावलं. रुसली आहे.

२१ मार्च
पाटी बघायला पहाटे आईबरोबर गेले. बाया थांबल्या. कोणी हसलं नाही. आईनं अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचलं. "आता खरं वाटते," म्हणाली. मी अशी फुगले!
मग तिनं पदर खोचला, टोपलं उचललं आणि आत निघाली. मागून सगळ्या.
"आई, वाचलं ना तू आत्ता?"
"वाचलं ना. मोह का पाटी वाचून झाडावर थांबते? आन् वाघीण हाये हे आमाले पह्यलेच मालूम होतं."
पाटीपाशी मी एकटी उरले. पाटीत खोट नाही, मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

२२ मार्च
आज दुकान उशिरा उघडलं. आईसोबत आत गेले होते. बाया एकमेकींना हाका मारत वेचतात, हाक आली नाही की सगळ्या उभ्या राहतात. मी वेचलं नाही. आवाजानं वाघीण लांब राहावी म्हणून नाल्याकडे तोंड करून डबा वाजवत उभी होते. पाठीमागून आईची हाक येत होती तोवर बरं वाटायचं.
"तू काऊन आली इथी? दुकान कोन पाहीन?" तिनं दोनदा विचारलं. मी डबा वाजवत राहिले.
वाघीण आठवडाभर कोणाला दिसलेली नाही. मोह अजून बरेच दिवस पडेल. उद्यापण जाते.