ग्यानबा आजांचं राखून ठेवलेलं लाकूड

पेडगाव
शुक्रवार, ८ मे

तीर्थस्वरूप आत्या,

दीपिकाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. सगळ्यात आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते, कारण ती दुरुस्त केल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. "घराशेजारी बेवारस लाकडाचा ढीग सापडला" असं मी लिहिलं होतं. तो बेवारस नव्हता. त्याला मालक आहे, मालक जिवंत आहे, आणि सगळी अडचण त्यातच आहे.

आता तब्येतीचं. तुमचे गुडघे कसे आहेत? सांगितलेलं तेल लावता की नुसतं फळीवर ठेवलंय? (राजेश्री वहिनी, आत्यांना वाचून दाखवताना हे वाक्य जरा मोठ्याने वाचा आणि उत्तर मला वेगळं कळवा.) फोनवरच बोलले असते, पण तुम्ही फोन कानाला न लावता हातात धरून बोलता आणि आपलं सगळं बोलणं तुमच्या येलदरीच्या धरणाच्या भिंतीपर्यंत ऐकू जातं. म्हणून हे पत्र मासळीच्या टेम्पोवाल्या पप्पूजवळ देते आहे. वास आला तर तो पत्राचा नाही.

झालं असं. आमच्या महिला गटाचं बायोचारचं प्रशिक्षण होतं. म्हणजे लाकूड पूर्ण राख होऊ न देता ड्रममध्ये जाळायचं, निखारे लाल झाले की पाणी मारून विझवायचे, मग तो कोळसा कुटून शेणकाल्यात भिजवून मातीत घालायचा. जमिनीत ओल टिकते. घरात शाळेत गेलेली मी पहिली, त्यामुळे गटात काहीही नवीन आलं की "दीपिका करून बघंल" असं बाकीच्या बायका आपसात ठरवून टाकतात. शिकवायला आलेले सर म्हणाले, "घरातलं टाकाऊ लाकूड घ्या." इतक्या सहज म्हणाले, जणू आपल्याकडे टाकाऊ लाकडाचा एक कोपराच असतो. मी घरभर शोधलं. कापसाच्या पऱ्हाट्यांना हात लावला तर आई म्हणाली, "अन् चुलीत काय तुजी पुस्तकं घालू?" बाभळीच्या काट्या कुंपणाला. मोडक्या तिफणीकडे नुसतं बघितलं तर बाबा म्हणाले की ती दुरुस्त करायचीय. (मी शाळेत जायच्या आधीपासून ती दुरुस्त करायचीय.) बाजेचा तुटलेला पाय शेळ्यांच्या दाराला अडसर म्हणून लावलेला आहे, म्हणजे तो तुटल्यावरच कामाला लागला. आत्या, मला वाटतं टाकाऊ ही गोष्ट शहरातच तयार होत असावी.

मग दिसला तो ढीग. आपल्या आणि ग्यानबा आजांच्या घरामधल्या बोळात, पत्र्याखाली झाकलेला. बाभळीचे जाडजूड ओंडके, अगदी खडखडीत वाळलेले. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेली चिंचसुद्धा मी विचारल्याशिवाय उचलत नाही. आजा तेव्हा लेकीकडे पाथरीला गेलेले. मी त्यांच्या सुनेला, कमलबाईंना विचारलं, हे लाकूड कशाला ठेवलंय. त्यांनी पदर ओढला आणि आत गेल्या. मी आत जाऊन परत विचारलं. त्या पीठ चाळायला लागल्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी चाळणी आपटली. आपल्या आईला विचारलं तर ती "मला काय ठावं" म्हणून शेळ्यांकडे गेली, आणि शेळ्या तर बांधलेल्याच होत्या. आता मला सांगा, इतकं विचारून कुणी नाही म्हणालं नाही तर माणसाने काय समजायचं? मी होकार समजले, आणि दोन दिवसांत सगळा ढीग ड्रममध्ये घातला.

जे मला कुणी सांगितलं नाही ते असं, की ते लाकूड ग्यानबा आजांच्या सरणाचं होतं. स्वतःच्या. त्यांचे थोरले भाऊ श्रावणात गेले तेव्हा घरोघरचं लाकूड भिजलेलं आलं, सरण काही केल्या पेटेना, रॉकेल संपलं, अन् माणसं दिवस मावळेपर्यंत ताटकळत उभी राहिली. तेव्हापासून आजा स्वतःपुरतं बाभळीचं लाकूड जमवायला लागले आणि दर पावसाळ्यात पत्रा बदलायला लागले. सगळ्या गल्लीला हे माहीत. पण त्या ढिगाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, घेतलं की ते जवळ येतं, अशी रीत. म्हणजे जिवंत माणसाचं सरण डोळ्यांसमोर जळताना बघायची तयारी सगळ्यांची होती, बोलायची एकाचीही नव्हती.

आजा संध्याकाळच्या एसटीने परत आले आणि सरळ बोळात गेले. मी ड्रमवर पाणी मारत होते.

"पोरी, माजं लाकूड कुटं हाय?"

मी ड्रमकडे बोट दाखवलं.

"काय केलंस त्याचं?"

"बायोचार."

"म्हंजे?"

"कोळसा, आजा."

त्यांनी ड्रमात वाकून बघितलं. "मग आता मी कशावर जाऊ?"

आत्या, मी रडले. मी रडताना बाबांनी मदत म्हणून तोंड उघडलं. म्हणाले, "आजा, निम्मं काम झालंयच की. कोळशावर लौकर व्हईल." त्यावर आजा म्हणाले, "मला काय कणीस समजलास का रे, निखाऱ्यावर भाजायला?" आणि घरी निघून गेले. बाबा अजून म्हणतात की त्यांचा मुद्दा बरोबर होता.

कोळसा, खरं सांगायचं तर, फार सुंदर झाला आहे. हलका, आणि बोटाने वाजवला तर खणखणतो. पण त्याचं करायचं काय? वांग्यांच्या वाफ्यात घालायला गेले तर आईने पोतं ओढून घेतलं. "त्याचं सरण वांग्याला घालू नको. मला त्या घरात तोंड दाखवायचं हाय." त्यामुळे पोतं माझ्या खाटेखाली आहे आणि मी त्याच्यावर झोपते.

आजांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते रोज सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात आणि खोकतात. मी बाहेर आले की जास्त. "कसं वाटतंय, आजा?" विचारलं तर म्हणतात, "वाटून काय करू? सोय न्हाई." परवा त्यांना शिंक आली तर माझ्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. गल्लीतल्या बायका येता-जाता विचारतात, "काय दीपे, आजाला थांबवून धरलंस म्हनं." मला जेवण जात नाही.

म्हणून मी त्यांना शब्द दिला आहे की तेवढंच, तसंच लाकूड परत आणून देईन. तुमच्या बांधावरची बाभूळ दोन वर्षांपूर्वी वादळात पडली होती, तिचं वाळलेलं लाकूड गोठ्यामागे असेल तर द्याल का? पप्पू टेम्पोतून आणतो म्हणाला आहे. फक्त आजा माळकरी आहेत, आणि लाकडाला मासळीचा वास लागला तर चालेल का यावर त्यांनी विचार करायला वेळ मागितला आहे.

मामांना नमस्कार. वहिनींची माफी मागते, वाचनाचा त्रास दिल्याबद्दल.

तुमची,
दीपिका

ता. क. आजा म्हणतात लाकूड ते स्वतः निवडणार, माझ्या नजरेवर त्यांचा भरवसा उरलेला नाही. तेव्हा तेही माझ्यासोबत येतील. त्यांना तिखट कमी लागतं.

ता. क. २. वरचं सगळं लिहून झाल्यावर कमलबाई ताक मागायच्या निमित्ताने आल्या आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "बाई, वाळलेलं लाकूड आणू नको. ढीग होता तवा बीपीची गोळी द्यायला गेलं की म्हनायचे, माजी तयारी हाय, गोळी कशाला? आता सोताहून मागून घ्यायलेत. दवाखान्याचं नाव काढलं की चपला घालून बसायलेत." आता मी दोन्हीकडून अडकले. शब्द मोडता येत नाही आणि पाळायचं धाडस होत नाही. म्हणून माझी खरी विनंती अशी, की उभ्या बाभळीच्या ओल्या फांद्या तोडून ठेवा, आणि गोठ्यामागचं वाळलेलं लाकूड कडब्याखाली असं झाकून टाका की मलाही दिसू नये, म्हणजे विचारलं तर मला खोटं बोलावं लागणार नाही. आजांना मी आधीच विचारून घेतलं आहे, ओलंच मिळालं तर चालेल का म्हणून. ते म्हणाले, "चालंल की. वाळायला दोन उन्हाळे लागतील." मग आपल्या घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "सुनबाई, गोळ्या किती राह्यल्यात गं? येलदरीला संगं न्यायच्यात."

कडबा बुधवारपर्यंत हलवून घ्या. आम्ही दोघं गुरुवारी, १४ मे रोजी, पहिल्या एसटीने येतोय.