बाकावरची जागा

ताईच्या आईस,

मी खुशाल आहे. मंगळवारी सकाळी देवापुढे हात जोडून ठरवलं होतं, की आज ताईला ‘घरी चल’ असं सांगायचंच. जावई गेल्यापासून ती इथे एकटी आणि तिकडे तुझा जीव टांगणीला. म्हणून तर तू मला धाडलंस.

पण ती मला शहर दाखवायला घेऊन निघाली. सगळं जवळजवळ, पायी फिरण्याजोगं. संग्रहालयात हळू बोलायचं, ग्रंथालयात बोलायचंच नाही, नाट्यगृहात अंधार. तूच सांग, मी तोंड कुठे उघडणार? संग्रहालयाचा पहारेकरी मात्र तिला म्हणाला, “आज बाबांना आणलंत होय? बरं केलंत, नेहमी एकट्याच येता.”

संध्याकाळी तळ्याकाठी एक निवांत बाक मिळाला. म्हटलं, देवानेच जागा दिली, आता बोलायचं. बसलो, तोच ती म्हणाली, “बाबा, तिथे नको, या बाजूला बसा. ती त्याची जागा आहे.”

मी उठून दुसऱ्या बाजूला बसलो. अंधार पडेपर्यंत तिथेच होतो.

तुझा खोकला कसा आहे? जेवण टाळत नाहीस ना? ताई दोन वेळा नीट जेवते, मी समोर बसून पाहतो.

माझ्यावर रागव, पण तिला काही बोलू नकोस. परतीच्या दोन तिकिटांपैकी तिचं तिकीट मी आज रद्द करून आलो.

तुझ्या ताईचे बाबा