चढावर घोडीच्या मागे उभं राहून

बाबा, टेकडी चढताना घोडीला पळू का द्यायचं नाही, हे मला अडुसष्टाव्या वर्षी एका कॅनेडियन पोरीने सांगावं? तुम्ही पोलिसांच्या तबेल्यात घोडे तयार करण्यात हयात घालवलीत, पण आम्हाला नुसते हुकूम. "चालव." का? तर "सांगितलंय म्हणून."

हॅमिल्टनबाहेरच्या एका तबेल्यात मी नातीला शिकायला नेते. गेल्या शनिवारी तिथल्या शिकवणाऱ्या पोरीने मलाच एका म्हाताऱ्या घोडीवर बसवलं. हिवाळाभर उभं राहून घोडीचे पुठ्ठे, म्हणजे मागच्या मांड्यांचे स्नायू, उतरलेत, म्हणून तिला चढावर सावकाश चालवायचं. पळाली की ती वेगाच्या जोरावर वर जाते, कष्ट चुकवते. चालली की प्रत्येक पावलाला मागच्या पायांनी रेटा द्यावा लागतो. आपण आयाळ धरून पुढे झुकायचं, तिची पाठ मोकळी ठेवायची. खरंच, खोगिराखाली मागून कुणी ढकलतंय असं वाटतं. इतकं साधं! दोन वाक्यांत सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

मी बारा वर्षांची आहे. तबेल्यामागची टेकडी, आणि दुखण्यातून उठलेली तुमची तांबडी घोडी. दादा ओरडतो, "राणीसाहेबांची वरात निघाली!" आणि घोडी सुसाट वर जाते. परत आल्यावर तुम्ही तिच्या मागच्या पायांवरून हात फिरवता.

"काय झालं?"

"आपणहून उधळली."

"नक्की?"

"नक्की."

"मग तुला ती आवरत नाही. उतर."

पुन्हा तुम्ही मला कधी बसवलं नाहीत. दादाला बसवलंत. मुलगी म्हणून मला उतरवलं, हे मी पन्नासहून जास्त वर्षं ज्याला त्याला ऐकवलंय. आईलासुद्धा.

शनिवारी अर्ध्या चढावर ही घोडीही पळाली. नात खालून किंचाळली, "आजी, स्लो डाउन!" खाली आल्यावर मी त्या पोरीला म्हटलं, ही आपणहून पळाली. ती हसली. म्हणाली, "मॅम, पुठ्ठ्यांचं काम बघायचं तर मागेच उभं राहावं लागतं. तुमची टाच दिसली मला."

तेव्हापासून एकच विचार छळतोय. त्या दिवशी तुम्हीही पायथ्याशी, मागेच उभे होतात. मग "नक्की?" असं विचारलंत कशाला? आणि विचारलंत तर एकदाच का? एक थोबाडीत दिली असतीत, तर निदान भांडता आलं असतं.

तुम्ही जाऊनही वर्षं झाली, हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, ते बरंच आहे. नातीला मराठी वाचता येत नाही, तेही बरं. कॉन्व्हेंटमध्ये खरेपणाची निळी रिबन मिळवणारी तुमची लेक लिहितेय: टाच मी मारली होती, बाबा. दोन्ही वेळा.