बाबांचा मवाळ आवाज

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडणार नाहीस, या आशेवर लिहितोय. पत्ता तुझ्या शिवणवाल्या मैत्रिणीकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिच्या दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून बसलो होतो आणि गिऱ्हाइकं मला ओलांडून आत जात होती. शेवटी वैतागून तिने दिला. नवा नंबर मात्र काही केल्या देईना. बरंच झालं, फोनवर मला मुद्द्यावर येता येत नाही. तसं पत्रातही येत नाही, दिसतंच आहे.

मी सध्या घरीच आहे. हसू नकोस. गोदामातलं काम सोडलं, त्याआधी लाँड्रीतलं, त्याआधी बोटीवरचं. बोटीवर एक स्वयंपाकी होता, तो कांदे चिरताना कोरडा ठणठणीत आणि बटाटे सोलताना रडायचा, पण ते असू दे. बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलंय असा आईचा फोन आला म्हणून आलो, आणि राहिलो. तुला हे कळलेलं नसेल तर असं एकदम सांगितल्याबद्दल माफ कर. गाठ निघाली, बाबा वाचले, आवाज गेला. सगळाच. बाजारात ते फळांचा लिलाव पुकारायचे तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या बायकांना संत्र्यांचा भाव घरबसल्या कळायचा. त्या गळ्यातून आता नुसती हवा येते.

ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या बाईंनी एक कंपनी सुचवली होती. माणूस बोलतोय तोवर त्याच्याकडून वाक्यं वाचून घ्यायची, त्यावरून त्याचा आवाज बनवायचा, मग त्याने टॅबलेटवर टाइप केलं की टॅबलेट त्याच्या आवाजात बोलतो. बाबा त्यांच्याकडे गेले. 'मला भूक लागली आहे' हे पहिलंच वाक्य त्यांनी असं पुकारलं, की रेकॉर्ड करणाऱ्या मुलीने कानावरचं काढून टेबलावर ठेवलं. काका, हळू, मी इथेच आहे, म्हणाली. मग बाबा इतके वरमले, की बाकीची सगळी वाक्यं त्यांनी साहेबासमोर उभं राहून बोलावं तशी वाचली. त्याचा परिणाम असा, की टॅबलेटमधून जो माणूस बोलू लागला तो आपल्या घरात कधी राहिलाच नव्हता. आवाज बाबांचाच, पण मवाळ. 'जरा खिडकी लावतेस का?' असं तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा आई खिडकी लावायची सोडून हसतच बसली. म्हणाली, सगळा संसार याची वाट बघण्यात गेला, आणि आला तो घसा कापल्यावर.

मला तो आवाज आवडायला लागला, ताई. 'आज कुठे जाणार?' असं बाबा पूर्वी विचारायचे तेव्हा मी आधी चपला शोधायचो. आता खाली बसून सांगतो, कुठे जाणार ते. कधी कधी जातच नाही.

तर आता ही कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि टॅबलेटवर सूचना आली, की महिनाअखेरीस ही सेवा बंद. टॅबलेट आपल्या टेबलावर आहे, पण आवाज त्यांच्या कुठल्याशा यंत्रावर ठेवलाय. बाबांचं प्रत्येक वाक्य तिकडे जाऊन परत येतं. मी फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय सभ्य. म्हणाला, आवाजाची फाईल कंपनीच्या मालकीची, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी होती. मी म्हटलं, अहो पण घसा कुणाचा? तो म्हणाला, तुमच्या भावना समजू शकतो, आणखी काही मदत करू का? मूळ रेकॉर्डिंग तरी द्या म्हटलं, तर ती काम झाल्यावर नष्ट करतात म्हणे, आमच्याच गोपनीयतेसाठी. असा माणूस शिव्या तरी देतो का, की आपल्यालाही देता याव्यात?

सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे मुक्त सॉफ्टवेअरवाले जमतात. मी आधी चहासाठी जायचो, खोटं कशाला बोलू. त्यांची म्होरकी एक निवृत्त शिक्षिका, तिला सगळे मास्तरीणच म्हणतात. तिचं म्हणणं, प्रोग्रॅम आतून कसा चालतो ते बघता आलं पाहिजे, बदलता आला पाहिजे, शेजाऱ्याला देता आला पाहिजे. नाहीतर यंत्र आपल्या घरात राहून दुसऱ्याचंच ऐकणार. मी तिची पत्रकं बाजाराच्या फाटकाशी वाटतो. लोक विचारतात, फुकट आहे का? मी सांगतो, मुद्दा फुकटचा नाही, ताबा कुणाचा याचा आहे. मग म्हणतात, म्हणजे फुकट नाही तर. एका बाईंनी दोन पत्रकं मागून घेतली तेव्हा मला केवढा आनंद झाला! त्यांनी त्यात द्राक्षं बांधली. बाबांचं काय झालंय हेही मी एकेकाला सांगतो. ते हळहळतात, आणि हळहळताना खिशातल्या फोनवर काहीतरी आलेलं असतं त्याला 'मान्य आहे' म्हणून दाबून टाकतात.

मास्तरणीने आमच्यासारखी आणखी घरं शोधली आणि सगळ्यांची मिळून तक्रार तयार केली. बाबांची सही हवी होती. बाबा सही करेनात. टाइप केलं, 'मी "मान्य आहे" हे बटण दाबलं होतं. बोली सुटली की माल घेणाऱ्याचा.' तुला माहीतच आहे. एकदा सफरचंदांच्या पेट्या चुकून निम्म्या भावाला सोडल्या तरी त्यांनी शब्द फिरवला नव्हता. मास्तरीण घरी आली, तासभर बसली. म्हणाली, तुमच्या बाजारात पेटी उघडून माल दाखवल्याशिवाय बोली घेता का हो तुम्ही? यांनी तुम्हाला पेटी उघडून दाखवली का? मला वाटलं, आता जिंकलो. बाबांनी बराच विचार केला आणि टाइप केलं, 'उघडा असं मी म्हणायला हवं होतं. चूक माझी.' मी खूप बोललो, नको तेही बोललो. ते पूर्वीसारखे तडकले असते तर भांडता तरी आलं असतं. पण तो मवाळ आवाज म्हणाला, 'शब्द म्हणजे शब्द. तू थकला असशील, जेवून घे.' त्याच्यापुढे हात टेकले मी. शब्द म्हणजे शब्द, हे याआधी या घरात कुणाला ऐकावं लागलं ते मी लिहीत नाही.

हल्ली बाबा टाइप करतात, पण बोलायचं बटण दाबत नाहीत. टॅबलेट नुसता आमच्याकडे वळवतात, आम्ही वाचतो. सवय करतोय, म्हणे. आईने चष्मा गळ्यात अडकवून घेतलाय.

मास्तरणीकडे एक मुक्त प्रोग्रॅम आहे, तोही आवाज बनवतो. जुन्या कॉम्प्युटरवर घरातच चालतो, कुठे जात नाही, कुणी बंद करू शकत नाही. पण त्याला बाबांचं पूर्वीचं बोलणं हवं, स्वच्छ रेकॉर्ड केलेलं. सगळं धुंडाळलं. आत्याच्या घरच्या कार्यक्रमाच्या व्हिडिओत नुसता बँड. बाजारातल्या कुणाकुणाकडे बाबांचे लिलाव आहेत, पण त्यात अख्खा बाजार ओरडतोय. माझा एक फोन समुद्रात आहे. तसंही माझ्याशी ते फोनवर 'हं, ठेव' एवढंच बोलायचे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. बाबांनी परस्पर शब्द देऊन ठरवलेल्या लग्नाला तू उभी राहिली नाहीस आणि घर सोडलंस, त्या दिवसांत ते तुझ्या फोनवर निरोप रेकॉर्ड करून ठेवायचे. तू उचलत नव्हतीस, ते बोलत राहायचे. मागच्या खोलीत, दार लावून, पंखासुद्धा बंद करून. मी दाराबाहेर असायचो. त्यात काय काय आहे ते मला माहीत आहे, त्यामुळे काय मागतोय हेही माहीत आहे. मास्तरीण म्हणते, असं रेकॉर्डिंग असेल तर आवाज होईल, पण भराल तसाच निघेल, मवाळ निघणार नाही. पाणी मागतानाही ओरडतील कदाचित. आईला विचारलं, तर म्हणाली, ओरडू देत, ऐकू तर येतील. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. तू ते पुसले असशील तर दोन ओळींत कळव, मी शोधणं थांबवेन. ठेवले असशील तर का ठेवलेस, हे कधी विचारणार नाही. आवाज त्यांचा असला तरी निरोप तुझे आहेत, ताई. द्यायचे की नाही, त्यातले कुठले द्यायचे, कुठले स्वतःपाशीच ठेवायचे, ते तू ठरव. तू नाही म्हणालीस तर मी मास्तरणीला सांगेन, की नाही म्हणाली, आणि पुढे काय करायचं ते मला ठाऊक नाही. उत्तराची घाई नाही असं लिहिणार होतो, पण आहे.

तुझाच, अजून घरीच असलेला,
धाकटा