दोन लिंडेनस्ट्रासे

व्हेस्टरलोह,
शनिवार, १७ ऑक्टोबर २००९

प्रिय राइनहिल्ड,

तुझा गुडघा कसा आहे? इथे बटाटे काढून झाले. सफरचंदं यंदा किडकी निघाली.

फोनवर मी तुला अर्धंच सांगितलं. गुरुवारी दुपारी आपला भाऊ गेर्नोट अंगणात लाकडं रचताना कोसळला, तो पक्षाघातानं. त्याला सगळं ऐकू येतं, कळतं. पण बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात, सोमवारपर्यंत काही सांगता येणार नाही. "थोडं लवकर आणलं असतं तर..." असंही एक जण पुटपुटला.

उशीर का झाला, ते ऐक. मार्लीसनं फोनवर "लिंडेनस्ट्रासे, नऊ नंबर" एवढंच सांगितलं. नवरा जमिनीवर पडलेला असताना बायकोला गावाचं नाव कुठून सुचणार? अँब्युलन्स गेली शेजारच्या ब्रुंकाउ गावातल्या लिंडेनस्ट्रासेवर. तिथल्या म्हातारीनं दार उघडून म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" तिथून टेकडी ओलांडून इकडे यायला वीस मिनिटं. मी गेर्नोटचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. भोंगा ऐकू येत होता, पण टेकडीपलीकडून.

आता बेकरीत सगळे त्या ड्रायव्हरला शिव्या घालतात. मार्लीस त्याच्याविरुद्ध वर्तमानपत्रात लिहायला निघाली होती. मी खाली मान घालून कॉफी पीत होतो.

राइनी, ड्रायव्हरची काही चूक नाही. तीन गावांची मिळून एक पंचायत झाली, तेव्हापासून एकाच नावाचे हे दोन रस्ते आहेत. मार्चच्या बैठकीत अग्निशमन दलाच्या बाई म्हणाल्या, "एक नाव बदला. कुणाच्या तरी जिवावर बेतेल." मी उठून म्हणालो, "लिंडेनची झाडं आमच्या रस्त्यावर आहेत, ब्रुंकाउवाल्यांकडे नुसते विजेचे खांब. त्यांनी बदलावं!" सगळे हसले. ब्रुंकाउवाले चिडून अडून बसले. शेवटी आमचंच नाव बदलायचा ठराव आला आणि एका मतानं पडला. मी विरोधात हात वर केला होता.

आज सकाळी मार्लीसला हे सांगितलं. ती पुसलेलं टेबल पुन्हा पुसत राहिली. मग गेर्नोटचं दाढीचं सामान माझ्यापुढे ठेवलं.

"आज त्याची दाढी तू कर. आणि त्याला तूच सांग."

"काय म्हणेल गं तो?"

"म्हणता येतंय कुठे त्याला, आल्विन?"

पुढचं हॉस्पिटलमध्ये बसून लिहितोय. गालावरचा फेस वाळायला आला तरी मी वस्तरा लावला नव्हता, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "द्या इकडे, मी करते." मी नको म्हणालो. अर्धी दाढी झाल्यावर सांगून टाकलं, सगळं, त्या हशासकट. तो छताकडे बघत राहिला. मग हळूच मान वळवून राहिलेला गाल माझ्यापुढे केला. माफ केलं, की नुसती दाढी पुरी करून घेतली, मला कळत नाही. विचारायची हिंमत नाही.

सोमवारी बैठकीत नाव बदलायचा ठराव मीच मांडणार आहे. तू लवकर ये. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल, त्याच्यापाशी बस.

अजूनही तुम्हा दोघांचा भाऊ,
आल्विन