कंदुरीचं ताट

११ जुलै, शुक्रवार
आखाड. केडगावात गल्लोगल्ली मटणाचा वास. शेजारच्या पारूबाईंनी देवीला बोकड कापला, गल्लीला कंदुरीचं जेवण. दरवर्षी काहीबाही सांगून टाळते. आज नाही टाळलं. ह्यांच्या पथ्यापायी घरात महिनाभर मटण शिजलेलं नाही. म्हटलं, आजोबांपासूनचे ख्रिस्ती आम्ही, एका जेवणाने काय बाटतोय. रस्सा दोनदा मागून घेतला. झकास होता.
वाढायला पारूबाईंची सून मंगल. माझ्याच प्रार्थनासभेत येशूच्या विश्वासात आलेली. मूर्तीपुढचं म्हणून कंदुरीचं अन्न ती खात नाही, त्या दिवशी उपाशी बसते. माझ्या ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, भाकर देऊ?"

१३, रवि.
मंगल उपासनेला नाही. ताप असेल.

१४, सोम.
ताप नाही. नळावर पारूबाई खुशीत. "बाई, तुमी जेवलात, लई बरं झालं. सुनेला म्हनलं, तुज्या बाई जेवल्या, तुलाच काय झालंय? जेवली मग. दोन वरीस आखाडात उपाशी बसायची, जीव तुटायचा वो माजा."
पारूबाई वाईट नाहीत. मी हसले. हंडा निम्माच भरून घरी आले.

१६, बुध.
मंगलकडे गेले. मागे भांडी घासत होती. शिकवायलाच बसले, शाळेची सवय. मूर्ती म्हणजे काही नाही, मटण ते मटण, देव ताटात डोकावत नाही. बोलले ते सगळं बरोबरच होतं.
तिचा हात थांबला. "मग मी दोन वरीस उपाशी कशाला बसले, बाई? आदीच सांगायचं."
मग खाली बघून, "घास तोंडात नुसता फिरत हुता. पन तुमी खाल्लं हुतं ना."
दुसऱ्याला अडखळण होऊ नका, यावर महिला सभेत तासभर बोललेय मी. मीच.

१७, गुरु.
शेवटी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "खाताना तिची आठवण नाही झाली?"
आठवण कसली. समोर उभी होती. तिच्याच हातून रस्सा मागितला. कळत होतं, तरी मागितला. याची लाज जात नाही.

२०, रवि.
प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकर; मन साफ नसेल तर घ्यायची नाही. मंगल आली, दाराजवळ बसली. भाकरीचं ताट आलं, तिने न घेता पुढे दिलं. माझ्यापर्यंत आलं. मी घेतलं. लोक काय म्हणतील म्हणून घेतलं, हेही लिहून ठेवते.
बाहेर गाठून माफी मागितली. "तुमी कशाला, बाई," म्हणाली आणि चपला घालून निघाली. चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, मंगलचं काय बिनसलंय? माहीत नाही म्हटलं. म्हणजे खोटंही बोलले.

२२, मंगळ.
आखाडातला शेवटचा मंगळवार. पारूबाईंच्या दिरांकडे कंदुरी. दुपारी दारात मंगल, हातात डबा. "सासूबाईंनी दिलाय. बाईंना रस्सा आवडला म्हनल्या."
डबा गरम होता. नको म्हटलं तर पारूबाई दुखावणार आणि राग सुनेवरच निघणार. घेतला तर...
विचारलं, "तू जेवलीस?"
"अजून न्हाई."
डबा पुढे धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. माझ्या हातांकडे बघत होती.